हात कसा उघडला

निरंजनच्या उजव्या तळहातावर चार खुणा होत्या, नखांनी कोरलेल्या, अर्धचंद्रासारख्या. केतकीनं त्याची मूठ जेमतेम बोटभर उचकटली आणि पारदर्शक पट्टी आत सरकवून त्या मोजल्या. तर्जनीची चार मिलिमीटर, मधल्या बोटाची सहा, अनामिकेची पाच, करंगळीची दोन. पंधरा दिवसांपूर्वी मधल्या बोटाची खूण चारच होती. नखं दर सोमवारी कापली जात होती, त्यामुळे वाढत होती ती नखं नव्हेत. वाढत होता तो मुठीचा जोर.

तिनं आकडे वहीत लिहिले आणि मूठ सोडली. बोटं लगेच पूर्वीसारखी मिटली.

"नुसतं मोजून काय होतंय, ताई?" चादर बदलणाऱ्या सुशीलामावशी म्हणाल्या. "रोज दहा मिनिटं बोटं ताणून द्यायचात तेव्हा कसा लोण्यासारखा झाला होता हात. जूनपासनं तुम्ही हात लावायचंच सोडलंत."

"वेळ होत नाही, मावशी."

"मग मला सांगा. मी करते."

"नको."

मावशींनी उशी थोपटली. "नवरा-बायकोचं भांडण असावं, पण समोरच्यानं दोन शब्द तरी उलटून बोलावेत. हे बिचारे काही बोलत नाहीत. एकट्या किती दिवस भांडाल?"

मावशी थट्टेत बोलल्या होत्या. केतकीनं पट्टी पुसून पिशवीत ठेवली.

निरंजनचे डोळे उघडे होते. गेले अकरा महिने ते असेच दिवसा उघडायचे आणि संध्याकाळी मिटायचे. तो जागा होता, पण हाकेला ओ देत नव्हता. डिसेंबरात दांडसुळक्यावरून उतरताना एक दगड त्याच्या डोक्यात बसला, त्या दिवसापासून. त्याच दिवशी, त्याच दोरावर, केतकीचा धाकटा भाऊ श्रीरंग दोनशे फूट खाली कोसळून गेला होता.

दोघं सतरा वर्षं एकत्र चढत होते. त्या दिवशी श्रीरंग आधी उतरत होता आणि वरच्या अरुंद टप्प्यावर बसून निरंजन त्याचा दोर सांभाळत होता. वरच्या माणसाच्या कमरेला एक धातूची कडी असते. दोर तिच्यातून जातो आणि त्याच्या उजव्या हाताच्या मुठीत राहतो. मूठ बंद असली की खालचा माणूस लटकलेला राहतो, उघडली की दोर सुटतो. इतकं ते साधं आहे. शोधपथक पोहोचलं तेव्हा दोघांचा भार पेलणारा, कड्यात ठोकलेला खिळा अर्धा बाहेर आलेला होता, कडीतून दोर पूर्ण निसटून गेलेला होता आणि निरंजनच्या तळहातावर घासल्याचा एकही वण नव्हता. म्हणजे दोर जोरानं ओढला जाऊन हातातून गेला नव्हता. हात आधी उघडला होता.

आधी दगड लागला आणि मग हात उघडला, की खिळा निघतोय हे पाहून, आता दोघंही जाणार हे ओळखून, आधी हात उघडला? बघणारं तिथं तिसरं कुणी नव्हतं.

डॉक्टर तांबोळी सकाळच्या फेरीला आले. त्यांनी निरंजनच्या पाठीला बराच वेळ नळी लावून ऐकलं आणि केतकीला खिडकीपाशी बोलावलं.

"डावं फुप्फुस पुन्हा खालून भरत आलंय. औषध चालू आहे, पण या वेळी शरीर साथ देत नाही. उद्या-परवाकडे श्वासयंत्राचा प्रश्न येईल." ते थांबले. "तुम्ही ठरवलंत का?"

"सांगते."

"मार्चमध्ये तुम्ही 'सांगते' म्हणालात. ऑगस्टमध्येही. दोन्ही वेळा तुम्ही काही बोलला नाहीत म्हणून मी यंत्र लावलं. आमचा नियम तुम्हाला माहीत आहे. नको असेल तर नुसती सही चालत नाही. पेशंटच्या उशाशी उभं राहून, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलावं लागतं. तुम्ही बोलेपर्यंत मी लावतच राहणार."

"माहीत आहे."

"तुम्हाला तो हवाय म्हणून असेल, तर मी एक शब्द काढणार नाही, केतकीताई. पण मला तसं दिसत नाही. तुम्ही त्याच्या जवळसुद्धा बसत नाही."

 मार्चमध्ये तिला तो खरोखरच हवा होता. ऑगस्टमधलं कारण वेगळं होतं, आणि ते तिनं स्वतःलाही एकदाच, स्नानघराचं दार लावून सांगितलं होतं.

केतकी या पुनर्वसन केंद्रात निरंजन येण्याच्या आधीपासून कामाला होती. ती जपानी भाषेची अनुवादक. तीन वर्षांपूर्वी केंद्रानं सेंदाई शहरातल्या एका प्रयोगशाळेकडून दोन यंत्रं आणली, तेव्हा त्यांची माहितीपुस्तिका मराठीत आणायला तिला बोलावलं. काम संपलं तरी ती राहिली, कारण यंत्राचं उत्तर जपानी शब्दांत यायचं आणि ते घरच्यांना समजावून सांगायला कुणीतरी लागायचं.

यंत्र मुळात कृत्रिम हातांसाठी बनलं होतं. हात गमावलेल्या माणसाला यांत्रिक हातानं पेला धरायला शिकवणं फारसं अवघड नसतं. अवघड असतं ते सोडणं. पकडण्याची आज्ञा मेंदूत ठळक उमटते. सोडताना एकीकडे पकड आवरायची असते आणि दुसरीकडे बोटं उघडायची असतात, आणि दोन्हींचं प्रमाण दर वेळी निराळं. अर्धांगाच्या झटक्यानंतर मूठ वळते पण उघडत नाही, ती याचसाठी. सेंदाईच्या संशोधकांनी हजारो माणसांना शिरस्त्राणासारखी एक टोपी घालून सोडण्याच्या या आज्ञा टिपल्या. मेंदूतल्या सूक्ष्म प्रवाहांमुळे डोक्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, पृथ्वीच्या क्षेत्राहून पन्नासएक कोटी पटींनी क्षीण. टोपीतल्या रुबिडियमच्या वाफेच्या कुप्या तेवढंही ओळखतात.

टिपलेल्या आज्ञा संगणकानं आपापसांत जुळवल्या, तेव्हा त्यांचे सात गट पडले. त्यांना नावं द्यायला संशोधकांना लांब जावं लागलं नाही. जपानीत दोन शब्द जोडून एक क्रियापद करतात, आणि सोडण्याच्या अशा क्रियापदांत पहिला शब्द पुष्कळदा हातानं काय केलं ते सांगतो. चुकून हातातून पडलं तर तोरिओतोसु. ढकलून दूर सारलं तर त्सुकिहानासु. कापून वेगळं केलं तर किरिहानासु. गाठ सोडवून मोकळं केलं तर तोकिहानात्सु. आणि स्वतःचं, जपलेलं काही, कळून-सवरून हातावेगळं केलं तर तेबानासु. मराठीत आपण 'सोडून दिलं' म्हणतो, त्यात काम पुरं झालं एवढं कळतं. हात कसा उघडला ते पुढच्यानं समजून घ्यायचं.

हे इथवरच राहिलं असतं तर यंत्र लोकांना हात देत राहिलं असतं. पण पुढं एक गोष्ट लक्षात आली. हलता-बोलता न येणाऱ्या माणसापाशी एखाद्या जुन्या प्रसंगाचं नाव काढलं, तर त्या वेळची हाताची आज्ञा मेंदूत पुन्हा उमटते. हाताला आठवतं. आणि माणूस नंतर स्वतःची जी समजूत घालतो, ती हाताच्या आठवणीत नसते. त्या दिवसापासून केंद्राच्या दारात निराळीच माणसं येऊ लागली. त्यांना हात नको होते, उत्तरं हवी होती.

केतकीच्या डोळ्यांसमोर वर्धन मिठारे नावाचा एक चाळिशीचा माणूस अजून होता. चार वर्षांचा असताना त्याला आईनं नातेवाइकांकडे दत्तक दिलं होतं, आणि आता ती आई झटक्यानं लुळी होऊन इथं पडली होती. त्यानं तिच्या कानाशी तो दिवस, ते एसटी स्टँड, त्याला घेऊन गेलेल्या मामांचं नाव सांगितलं. पडद्यावर सातांपैकी एकही शब्द आला नाही. आली ती फक्त पकड, घट्ट, तब्बल चाळीस सेकंद. "म्हणजे काय?" त्यानं विचारलं. "त्यांनी सोडलेलं नाही," केतकी म्हणाली. "तुम्हाला ओढून नेलं असणार." वर्धननं पडद्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "आणि मी छत्तीस वर्षं एकदाही भेटायला आलो नाही." तो उठला, चप्पल घातली, निघाला. आईचं अंत्यदर्शन घ्यायलाही आला नाही.

असं काही डोळ्यांनी पाहिल्यावर यंत्रावर विश्वास न बसणं कठीण होतं.

जूनमधल्या एका रविवारी दुपारी केतकीनं कुणालाही न विचारता निरंजनच्या डोक्यावर टोपी चढवली. पुस्तिकेत सांगितलेली पद्धत तिनंच मराठीत लिहिली होती. त्या पद्धतीनं, एक पायरी न गाळता, तिनं त्याला दांडसुळक्याची ती दुपार सांगितली. त्याची नाडी एकशे पन्नासवर गेली. कपाळ घामानं डवरलं. सांगून झाल्यावर तिनं पडद्याकडे पाहिलं. शब्द होता: तेबानासु. खात्री एक्क्याण्णव टक्के.

तिनं यंत्र बंद केलं, घाम पुसला, आणि त्या दिवसापासून तो हात हातात घेतला नाही. ऑगस्टमध्ये त्याची छाती भरली तेव्हा तिच्या मनात आलं होतं: असा सुटू देणार नाही. माझ्या भावाला सोडलंस ना, मग राहा.

श्रीरंगच्या बायकोला, पूर्वाला, यातलं काही माहीत नव्हतं. ती दर महिन्याला फोन करून एकच विचारायची. यंत्र तुमच्याच हाताखाली आहे, ताई, कधी विचारणार? आणि केतकी दर महिन्याला म्हणायची, अजून तो तितका स्थिर नाही.

त्या दिवशी दुपारी पूर्वा फोन न करताच आली. ती स्वतः चढणारी. श्रीरंगची आणि तिची ओळखच कड्यावर झालेली. दारात उभी राहून तिनं निरंजनकडे पाहिलं. नाकात प्राणवायूची नळी, छातीतून येणारी घरघर.

"मावशींनी कळवलं," ती म्हणाली. "तुम्ही नाही कळवलंत."

"बस."

"बसायला नाही आले. डॉक्टर म्हणतात दोन दिवस. आज विचारा, ताई. नाहीतर मी वर अर्ज करते."

"अर्जाला आठवडा लागतो."

"म्हणून तर आठवडा-आठवडा करत अकरा महिने काढलेत ना तुम्ही?"

केतकीनं दार लोटून घेतलं. जे बोलायचं ते कसं बोलायचं याची तिनं पाच महिने जुळवाजुळव केली होती. प्रत्यक्षात तिनं पिशवीतून घडी घातलेला कागद काढून पूर्वासमोर धरला.

"मी विचारलंय. जूनमध्ये."

पूर्वानं कागद वाचला. "हे काय लिहिलंय?"

"तेबानासु. कळून-सवरून सोडलं. हात चुकून उघडला असता, दगडानं उघडला असता, तर दुसरा शब्द आला असता."

पूर्वा आता बसली. 

"जूनमध्ये," ती म्हणाली. "आणि दिवाळीला माझ्याकडे जेवायला आलात. श्रीरंगच्या फोटोला हार घातलात."

"हो."

"मला वाटायचं तुम्ही नवऱ्याला वाचवताय."

"वाचवत नव्हते."

पूर्वानं तिच्याकडे निरखून पाहिलं. मग ती निरंजनच्या मिटलेल्या मुठीकडे वळली, आणि केतकीला वाटलं की तिला कळलं. आपण त्याला कशासाठी ठेवून घेतलंय ते तिला तिथं दिसलं.

"कसं विचारलंत?" पूर्वानं विचारलं. "मला बघायचंय. माझ्यासमोर विचारा."

"त्याला त्रास होतो. तो ते सगळं पुन्हा भोगतो, पूर्वा."

"मी रोज भोगते."

केतकीनं टोपी आणली. ती नीट बसवायला दहा मिनिटं गेली. पडद्यावर सपाट हिरवी रेघ सुरू झाली. ती खुर्ची ओढून निरंजनच्या उजव्या बाजूला बसली आणि पुस्तिकेप्रमाणे पहिली पायरी केली. प्रश्न विचारण्याआधी पेशंटचं लक्ष वेधून घ्यायचं असतं. त्यासाठी मनगटावर दोन बोटांनी तीन टिचक्या, सारख्या अंतरानं.

एक, दोन, तीन.

"थांबा," पूर्वा म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "हे काय केलंत?"

"लक्ष वेधायचं असतं. सगळ्यांनाच करतात."

"तीन?"

"तीन."

"जूनमध्ये पण?"

केतकीनं मान वर केली. पूर्वा पडद्याकडे बघत होती. रेघ उसळली होती. केतकीनं प्रश्नातला एक शब्दही उच्चारला नव्हता, आणि पडद्यावर उमटत होतं: तेबानासु. अठ्ठ्याऐंशी.

"कड्यावर वाऱ्यात हाका ऐकू जात नाहीत," पूर्वा हळू म्हणाली. "म्हणून आमच्या गिर्यारोहण मंडळात दोराला झटके देतात. एक झटका म्हणजे थोडी ढील. दोन म्हणजे ओढून धर. तीन म्हणजे मी पोहोचलो, पक्क्या जागी उभा आहे, दोर मोकळा कर. तीन झटके मनगटाशी जाणवले की हात उघडायचा. विचार करायचा नाही. पहिल्या वर्षी मैदानात झाडाला दोर बांधून तेवढंच घोटून घेतात. तुम्हाला हे माहीत नव्हतं?"

केतकीला उंचीची भीती. सतरा वर्षं ती पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी ओसरीवर पुस्तक वाचत बसायची. झटक्यांचं कुणी तिला सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलंही नव्हतं.

"परत करा," पूर्वा म्हणाली. "काही बोलू नका."

तीन टिचक्या. तेबानासु. नव्वद.

"आता टिचक्या न मारता विचारा."

केतकीनं टाळी वाजवून लक्ष वेधलं, नाव घेऊन हाक मारली, मग त्याला दांडसुळका सांगितला. खिळा सांगितला. श्रीरंग सांगितला. रेघ सपाट राहिली. तिनं पुन्हा सांगितलं. रेघ हलली नाही. बिछान्यावरची मूठ तर सगळा वेळ जशीच्या तशी होती. यंत्र मेंदूतला हात बघत होतं, हा नाही.

"म्हणजे सोडला नाही त्यांनी," पूर्वा म्हणाली.

"नाही. तसंही म्हणता येत नाही." केतकीला हे बोलताना स्वतःचा आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "सपाट रेघ म्हणजे 'नाही' नव्हे. तिचा अर्थ एवढाच की काही उमटलं नाही. आज त्याला ऐकू आलं नसेल. त्या दिवसाची आठवणच दगडानं पुसली असेल. आधी मी हे करून पाहायला हवं होतं, नुसत्या टिचक्या, प्रश्नाशिवाय. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं ते. मी केलं नाही. मला उत्तर मिळालं आणि मी थांबले."

"मग काय झालं असेल?"

"दगड आधी लागला असेल. किंवा त्यानं खरंच सोडलं असेल. किंवा श्रीरंगला पाय ठेवायला जागा मिळाली, त्यानं तीन झटके दिले, आणि मग ती जागा ढासळली."

"किंवा खिळा निघतोय हे त्याला खालून दिसलं," पूर्वा म्हणाली, "आणि म्हणून त्यानं तीन झटके दिले."

 निरंजनच्या घशातली घरघर तेवढी चालू होती.

"कळेल का कधी?"

"याच्याकडून नाही."

पूर्वानं कागदाची पुन्हा घडी घातली, पण तो परत दिला नाही. "खरं सांगायचं तर, ताई, मला अजूनही वाटतं त्यांनीच सोडला. यंत्रानं काहीही दाखवलं तरी मला तेच वाटलं असतं. तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटू दे."

"तुम्हाला काय वाटतं?"

केतकी निरंजनकडे वळली. पाच महिने एका शब्दावर तिनं घर बांधलं होतं. रोजचा राग, रोजचं मौन, मुठीची मोजमापं, सगळं त्यावर उभं होतं. आता तो शब्द गेला आणि त्याच्या जागी निर्दोष निरंजन आला, असंही झालं नाही. कुणीच आलं नाही. समोर एक माणूस होता, ज्याला श्वास घ्यायला त्रास होत होता. आणि ज्या पाच महिन्यांत तिनं त्याचा हात हातात घ्यायला हवा होता, ते पाच महिने संपले होते. त्यानं सोडलं असतं तरी ते तसेच संपले असते.

प्राणवायू मोजणाऱ्या यंत्रानं पिवळा दिवा लावला. आकडा ब्याऐंशीवर आला होता. डॉक्टर तांबोळी आत आले, त्यांच्यामागे सुशीलामावशी. डॉक्टरांनी टोपी पाहिली, पडदा पाहिला, पण त्याबद्दल काही विचारलं नाही. पाठीला नळी लावली, पुन्हा आकडा पाहिला.

"उद्यापर्यंत थांबणार नाही हे. यंत्र आणायला सांगू?"

"एक मिनिट," केतकी म्हणाली.

तिनं टोपी काढली, केसांवर उमटलेले पट्ट्यांचे वळ बोटांनी मोडले आणि ती उशाशी जाऊन उभी राहिली. निरंजनचे डोळे छताकडे होते. पूर्वा उठून बाजूला झाली, पण बाहेर गेली नाही.

"निरंजन, ऐक," केतकी म्हणाली, आणि मग डॉक्टरांकडे न वळता, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मला त्याच्या तोंडून एक गोष्ट ऐकायची होती, आणि मी त्याला दोनदा थांबवून ठेवलं. एकदा आशेनं आणि एकदा रागानं. ती गोष्ट त्याच्याकडे नाही. श्वास कोंडणार नाही एवढं औषध द्या, डॉक्टर. श्वासयंत्र लावू नका."